अब्बांचं वेबिल

अब्बा एसटीत कंडक्टर होते. हिंगोली आगारातून बत्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाले, त्यालाही आता तेरा वर्षं झाली. तिकिटांची पत्र्याची पेटी, तिकिटाला भोक पाडायचा पंच आणि वेबिल या तीन वस्तूंच्या आसपास आम्हा भावंडांचं लहानपण गेलं. वेबिल म्हणजे काय, हे आजच्या पोरांना सांगावं लागतं. कोणत्या टप्प्याला कोणत्या नंबरपासून कोणत्या नंबरपर्यंत तिकिटं गेली, किती पैसे जमा झाले, याचा चालत्या गाडीत, उभ्यानं लिहायचा हिशोब. पुढं तिकिटाचं मशीन आलं आणि पेटी माळ्यावर गेली. पण हिशोब जिथल्या तिथं लिहायची सवय काही गेली नाही. किराणा, खताची पोती, सोयाबीनचं माप, सगळं एका जाड वहीत उर्दूत लिहिलेलं असतं.

फक्त एका गोष्टीचा हिशोब त्यांनी कुणाला दिला नव्हता. रात्री किती वेळा उठतात याचा.

आमचं गोरेगावातलं घर जुन्या बांधणीचं. बाथरूम अंगणाच्या पलीकडं. दीड वर्षापूर्वी थंडीत एका पहाटे ते अंगणात घसरून पडले. हाड मोडलं नाही, कोपर सोललं तेवढंच. मी हळद लावता लावता विचारलं, "अब्बा, रात कू कित्ते बार उठते तुम?"

"एक-दो बार."

आतून अम्मीचा आवाज आला, "पाँच बार. मैं गिनती ना."

माणूस स्वतःच्या लघवीबद्दल खोटं बोलतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तेही असा माणूस, ज्यानं बत्तीस वर्षांत एका तिकिटाचा घोळ केला नाही. मग मी मागचं आठवू लागलो. असरच्या नमाजेनंतर त्यांनी पाणी पिणं सोडलं होतं. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, जिथं दुपारी माठसुद्धा तापतो. सेनगावला जायचं असलं तरी सकाळचा चहा टाळायचे. मशिदीत पहिल्या सफेत उभे राहणारे अब्बा शेवटच्या सफेत, दाराशी उभे राहू लागले होते. मग फज्र घरी पढू लागले. आम्हाला वाटलं वय झालं, थंडी सोसत नाही.

कारण वेगळं होतं. कतरे. लघवी करून उठल्यावर मागून येणारे थेंब. ज्यांना आमच्याकडची रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. लघवीचा थेंब बाहेर आला की वुजू तुटतो, कपड्याची जागा धुवावी लागते, पुन्हा वुजू करावा लागतो. तरण्या माणसाला हे दोन मिनिटांचं काम. सत्तरीतला माणूस मात्र इस्तिंज्याला बसतो, वाट बघतो, उठतो, खोकतो, चार पावलं चालतो, पुन्हा बसतो. तोवर जमात उभी राहिलेली असते. दुखण्यापेक्षा त्यांना हा संशय खात होता, की आपली नमाज झाली की नाही.

आमचं गाव नोव्हेंबर २०२३ मध्ये बातम्यांत आलं होतं. इथल्या काही शेतकऱ्यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं, की कर्ज फिटत नाही, आमचे अवयव विकत घ्या. पत्रात दर दिले होते. किडनीपुढं ७५ हजार रुपये लिहिले होते. अख्ख्या महाराष्ट्रानं तो आकडा वाचला. किडनीचा भाव असा जाहीर सांगणाऱ्या गावात, त्याच किडनीतून खाली येणाऱ्या पाण्याबद्दल एक शब्द बोलायला माणूस तयार नाही, याचं मला तेव्हापासून नवल वाटतं. गरिबी सांगता येते. लघवी सांगता येत नाही.

आधी आम्ही जवळच्याच एका शहरात, एका दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी दोन मिनिटांत विचारलं, "बाबा, रात्री उठता का?" अब्बा म्हणाले, "एक-दोन वेळा." मी म्हणालो, "पाच." डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं, अब्बांकडं बघितलं, सोनोग्राफी लिहिली. प्रोस्टेट वाढलेली निघाली. या वयात ती बहुतेकांची वाढलेली निघते. ऑपरेशनची तारीख विचारून घ्या, असं सांगितलं. अब्बा बाहेर येऊन बाकड्यावर बसले आणि म्हणाले, "पहले बीमारी तो पूछते." मला ते तेव्हा उगीच वाटलं होतं.

माझा एक मित्र नांदेडला औषधांच्या दुकानात असतो. त्यानं सांगितलं की मोठ्या डॉक्टरांकडं जाण्याआधी तीन दिवसांची लघवीची डायरी भरून ने, मोबाइलवर त्याचे अॅप असतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. अॅप हा शब्द ऐकला की आम्हा शिक्षकांच्या पोटात गोळा येतो. पोषण आहारापासून हजेरीपर्यंत सगळं त्यातच भरतो आम्ही. तरी उतरवून घेतलं.

त्यात आधी सात प्रश्नांची एक प्रश्नावली होती. जगभर हीच वापरतात. अमेरिकेतल्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेनं ती १९९२ मध्ये तयार केली आणि पुढं तिला आंतरराष्ट्रीय नाव मिळालं. गेल्या महिन्याभरात लघवी झाल्यावरही राहिल्यासारखी वाटली का, दोन तासांच्या आत पुन्हा जावं लागलं का, धार तुटक येते का, रोखणं अवघड जातं का, धार बारीक आहे का, जोर करावा लागतो का, रात्री किती वेळा उठता. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, एकूण ३५. सातपर्यंत सौम्य, आठ ते एकोणीस मध्यम, वीसच्या पुढं तीव्र. शेवटी एक वेगळा प्रश्न, ज्याचे गुण या बेरजेत धरत नाहीत. उरलेलं आयुष्य असंच काढावं लागलं तर कसं वाटेल?

अडचण उत्तरांची होती. पाचांत एकदापेक्षा कमी, निम्म्यापेक्षा कमी वेळा, साधारण निम्म्या वेळा, निम्म्यापेक्षा जास्त वेळा. मी मराठीत सांगून बघितलं, दखनीत सांगून बघितलं. अब्बा वैतागले. "निम्म्या वेळा म्हंजे काय? कशाच्या निम्म्या?" मग मला सुचलं. "अब्बा, दिन की पाँच नमाजाँ. हर नमाज के पहले तुम जातेच. पाँच में से कित्ती बार धार बारीक रहती?" त्यांनी डोळे मिटले. बोटांवर फज्र, जोहर, असर, मगरिब, इशा मोजली आणि म्हणाले, "फज्र कू, असर कू, इशा कू. तीन." पुढचे सगळे प्रश्न पाच मिनिटांत झाले. गुण आले सतरा. मध्यम. शेवटच्या प्रश्नाला मात्र त्यांनी उत्तर दिलं नाही. अॅप पुढं सरकेना, म्हणून मीच काहीतरी दाबलं.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी २०११ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी यातल्या काही प्रश्नांची चित्रं केली. धार जाड, बारीक, ठिबकणारी, असा माणूस काढून दाखवला. कल्पना चांगली आहे, पण चित्रातला माणूस उभा आहे. आमच्याकडं बसून लघवी करतात. अब्बांना मी ते चित्र दाखवलं तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य होतं, "ये कायकू खड़ा है?" मोबाइलच्या माइकवर धारेचा आवाज ऐकून वेग मोजायचे प्रयोगही झालेत. तेही उभा माणूस, खाली पाण्याचा कमोड आणि शांत बाथरूम गृहीत धरतात. आमच्या बाथरूममध्ये नळाखाली बादली भरत असते आणि शेजारची म्हैस ओरडत असते.

खरी डायरी म्हणजे वेळ आणि माप. प्रत्येक वेळी किती मिली झाली, घाई होती का, गळाली का, काय प्यालं. अशी तीन दिवस भरायची. मापाचा मग गावात मिळेना. मग मेडिकलमधून ५० मिलीची सिरिंज आणली. पाण्याची रिकामी बाटली वरून कापली. सिरिंजनं पाणी मोजून टाकत गेलो आणि दर ५० वर मुलीच्या नेलपॉलिशनं रेघ मारली. अम्मीनं ती बाटली वेगळ्या खिळ्याला टांगली आणि घरात जाहीर केलं की याला कुणी हात लावायचा नाही.

पहिल्याच रात्री एक प्रश्न उभा राहिला, जो त्या अॅपला माहीतच नव्हता. अब्बा तहज्जुदला उठतात. पहाटे साडेतीनला. उठले की लघवीला जातात. हे रात्रीचं उठणं धरायचं की नाही? नांदेडच्या डॉक्टरांनी पुढं मला सांगितलं की प्रश्न असाच विचारायचा असतो. लघवी लागली म्हणून जाग आली, की जाग आली म्हणून लघवीला गेलात? पहिलंच तेवढं दुखणं. अॅपमध्ये दिवस रात्री बाराला बदलत होता. डॉक्टरांचा दिवस माणूस अंथरुणाला पाठ टेकतो तिथं बदलतो. आणि सकाळी उठल्यावरची पहिली लघवी उठण्याच्या संख्येत धरत नाहीत, पण तिचं माप रात्रीच्या मापात धरतात, कारण ती रात्रभर साठलेली असते. हे एवढं बारीक कळलं नाही तर आकडे भरूनही चुकीचं उत्तर येतं.

मग माझ्या हातून जे झालं ते लिहायला अजूनही जड जातं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्या अॅपचा स्क्रीनशॉट काढला, मित्राला पाठवायला. वर अब्बांचं नाव, वय, खाली वेळा, मिली, आणि जिथं गळालं तिथं लाल थेंबाचं चित्र. शाळेत मधली सुट्टी होती, पोरं ओरडत होती. मी तो पाठवला आणि मोबाइल खिशात टाकला. तो गेला आमच्या खानदानाच्या ग्रुपवर. त्रेचाळीस माणसं. जावई, साडू, पुण्यातली भाचरं, अब्बांचे चुलतभाऊ. अर्ध्या तासानं एका भाच्याचा मेसेज आला, "मामू, ये क्या है?" मी पुसला. तोवर ज्यांना बघायचं त्यांनी बघितला होता. दोघांनी अंगठाही दाखवला होता.

मी घरी काही बोललो नाही. वाटलं, निभावलं. आठ दिवसांनी रिसोडला एक लग्न होतं. तिथं एका दूरच्या नातेवाइकानं अब्बांना मांडवाच्या कोपऱ्यात घेतलं आणि गोखरूचा काढा कसा करायचा ते समजावून सांगितलं. परतताना अब्बा गाडीत खिडकीकडं तोंड करून बसले होते. घराच्या दारात आल्यावर म्हणाले, "मेरे पेशाब का वेबिल सारे खानदान कू बाँट दिया तू."

त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. ताट समोर आलं तर जेवायचे, मी आलो तर उठून जायचे. बाटली खिळ्यावरून गायब झाली.

आपल्या देशात २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा झाला. मी तो तेव्हा वाचायला घेतला, अपराधी माणूस जसं आपलं कलम शोधतो तसा. कंपनीनं माहिती कशी घ्यावी, संमती कशी घ्यावी, सगळं आहे. आणि एक ओळ अशी, की माणसानं वैयक्तिक किंवा घरगुती कामासाठी वापरलेल्या माहितीला हा कायदा लागू नाही. म्हणजे मी सुटलो. अॅप फुकट कसं आहे, माझं लोकेशन त्याला कशाला हवं, आमच्या बापाचे मिली कोणत्या देशातल्या कॉम्प्युटरवर गेले, या शंका मी आधी काढायला हव्या होत्या, हे खरंच. पण अब्बांची इज्जत कोणत्या कंपनीनं नाही घालवली. ती मधल्या सुट्टीत माझ्या अंगठ्यानं गेली.

दरम्यान मी आमच्या मौलानांना भेटलो, अब्बांचं नाव न घेता. ते हसले. म्हणाले, "सर, या मशिदीत साठीच्या पुढचे जेवढे आहेत ना, त्यातले निम्मे मला एकेकटे येऊन हेच विचारतात. प्रत्येकाला वाटतं, आपण एकटेच." मग त्यांनी माज़ूरचा मसला सांगितला. एका नमाजेची अख्खी वेळ अशी गेली की वुजू करून फर्ज पढण्याइतकाही कोरडा वेळ मिळाला नाही, तर तो माणूस माज़ूर. त्यानं प्रत्येक नमाजेच्या वेळी एकदा वुजू करावा आणि पढावी. थेंब आला तरी त्या वेळेपुरता त्याचा वुजू राहतो. पुढच्या प्रत्येक वेळेत निदान एकदा तरी तो त्रास होत राहिला, तोवर ही सवलत. मला ऐकताना वाटलं, ही तर डायरीच आहे. किती वाजता सुरू झालं, मध्ये किती वेळ सुटला, कोणत्या वेळेला काहीच झालं नाही, हे जुन्या फकीहांनी मोजायला लावलंय. अब्बा या हिशोबानं माज़ूर ठरत नव्हते, त्यांना मध्ये भरपूर कोरडा वेळ मिळत होता. पण हे त्यांना कधी कुणी सांगितलं नव्हतं, कारण त्यांनी विचारलं नव्हतं.

लघवीबद्दलची ही लाज फार जुनी नसावी, असं मला वाटतं. युनानी हकीम रोग्याचं कारूरा, म्हणजे काचेच्या बाटलीतली लघवी, उजेडाला धरून बघायचे. रंग, दाटपणा, तळाशी बसणारा गाळ. इब्न सिनानं आपल्या कानूनमध्ये त्यावर सविस्तर लिहिलं. आणि उर्दूत दोन माणसांचं फार जमलं तर अजूनही म्हणतात, यांचा कारूरा मिळतो. ज्या भाषेत मैत्रीची उपमा लघवीच्या बाटलीवरून आली, त्या भाषेच्या लोकांना आज लघवी हा शब्द घशातून काढता येत नाही.

मौलानांची गोष्ट मी अम्मीला सांगितली, अम्मीनं अब्बांना. दोन-तीन दिवसांनी सकाळी बाथरूममध्ये गेलो तर बाटली परत खिळ्यावर. शेजारी सुतळीनं बांधलेली पेन्सिल आणि पुठ्ठ्याला लावलेला कागद. कागदावर पट्टीनं आखलेले रकाने आणि उर्दू आकडे. वेळ, माप, घाई, शेरा. वर डाव्या कोपऱ्यात लिहिलं होतं, ट्रिप नंबर एक. इशाच्या नंतर लाल पेन्सिलची आडवी रेघ होती, आणि पलीकडं लिहिलं होतं, नाइट आउट. मुक्कामी गाडीला एसटीत असंच म्हणतात.

मी कागदाला हात न लावता बाहेर आलो.

कागदाच्या डायऱ्यांची बदनामी मला तोवर कळली होती. २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक प्रयोग छापून आला होता. दुखण्याच्या रुग्णांना कागदी डायऱ्या दिल्या, पण त्यांच्या फाइलमध्ये गुपचूप उजेड ओळखणारं यंत्र बसवलं. फाइल कधी उघडली ते त्यात कळायचं. रुग्णांनी लिहिलेल्या वेळा बघितल्या तर ९० टक्के नोंदी वेळेवर. यंत्र बघितलं तर खऱ्या वेळेवर ११ टक्के. बाकीच्या नंतर बसून, अंदाजानं भरलेल्या. मोबाइलसारख्या यंत्रावर दिलेल्या डायऱ्यांत हेच प्रमाण ९४ निघालं. डिजिटलचा खरा फायदा तो. वेळेचा शिक्का यंत्र मारतं, माणसाला ढकलता येत नाही. मी हे अब्बांना सांगितलं. बोलणं सुरू व्हायला विषय हवाच होता. ते म्हणाले, "वेबिल डेपो में बैठके भरनेवाला कंडक्टर एक दिन पकड़ातेच." मग थोडं थांबून, "मैं रस्ते में भरता."

तीन दिवसांचा कागद झाला. त्यांनीच मला सांगितलं, फोटो काढ आणि फक्त डॉक्टरला पाठव. पाठवताना मोबाइल त्यांच्या हातात दिला. नाव त्यांनी वाचलं, बटण त्यांनी दाबलं.

नांदेडच्या डॉक्टरांनी आम्ही खुर्चीत बसायच्या आधीच आकडे एका कागदावर उतरवून ठेवले होते. दिवसभरात सहा वेळा, एका वेळेला साधारण १२० मिली, म्हणजे सव्वासातशेच्या आसपास. रात्री चार वेळा, प्रत्येकी दोनशे, शिवाय फज्रची सव्वादोनशे. म्हणजे हजाराच्या वर. चोवीस तासांतल्या साडेसतराशेपैकी निम्म्याहून जास्त लघवी रात्रीची. वयस्क माणसात हे प्रमाण एक तृतीयांशाच्या वर गेलं की दोष केवळ प्रोस्टेटचा धरत नाहीत, रात्री लघवी तयारच जास्त होतेय असं समजतात. "प्रोस्टेट कापली असती," ते म्हणाले, "तर धार सुधारली असती. रात्रीचं उठणं फारसं गेलं नसतं. मग तुम्ही म्हणाला असता, ऑपरेशन फसलं."

मग त्यांनी पायांवर अंगठा दाबला. खड्डा पडला. बीपीच्या गोळ्या कोणत्या, विचारलं. दोन होत्या. एक अॅम्लोडिपिन, जिच्यानं पुष्कळांच्या पायांवर सूज येते. दुसरी लघवी वाढवणारी. दिवसभर पायांत उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परत येतं आणि किडनी ते बाहेर काढते. त्यात वरून ही गोळी.

"लघवीची गोळी कधी घेता?"

"रात कू."

"सकाळची आहे ती. रात्री कुणी सांगितली?"

अब्बा काही वेळ बोलले नाहीत. मग मराठीत म्हणाले, "कुणी नाही साहेब. चौपन्नाव्या वर्षी बीपी निघाला, तेव्हा ड्यूटीवर होतो. सकाळी गोळी घेतली की दर तासाला लागायची. गाडीत पन्नास माणसं बसलेली. त्यांना थांबवून कुठं जाणार? म्हणून रात्री घ्यायला लागलो."

निवृत्तीला तेरा वर्षं झाली होती. गाडी कधीच डेपोत लागली होती, पण गोळी अजून त्या पन्नास माणसांसाठी रात्री घेतली जात होती. घरात कुणाला माहीत नव्हतं. मलाही नाही. कोणत्याही अॅपमध्ये हा रकाना नव्हता. पण आकडे समोर नसते तर डॉक्टरांनी हा प्रश्नच विचारला नसता, हेही तेवढंच खरं.

डॉक्टरांनी लघवीची गोळी सकाळी केली, बीपीची दुसरी बदलून दिली. दुपारी तासभर पाय उशीवर ठेवायला सांगितले. प्रोस्टेटसाठी रात्री जेवणानंतर एक गोळी दिली आणि बजावलं की तिच्यानं उठताना चक्कर येऊ शकते, आधी बसा, मग उभे राहा. दिवसा पाणी नीट प्या, संध्याकाळनंतर बेतानं. सर्दी-खोकल्याचं औषध मनानं घेऊ नका, काहींनी लघवी एकदम अडते. लघवीत रक्त दिसलं किंवा ती बंदच झाली तर डायरी भरत बसू नका, निघून या. (हे वाचून कुणी आपल्या गोळ्यांच्या वेळा स्वतः बदलू नयेत. अब्बांनी तेच केलं होतं.) पुढच्या महिन्यात नांदेडला जावं लागलं नाही. कागदाचा फोटो गेला, फोनवर बोलणं झालं. जायचं भाडं आणि माझी एक रजा वाचली. रात्रीचं उठणं दोनवर आलं. त्यातलं एक तहज्जुदचं.

आता अम्मीचं.

दुधाचा रतीब आहे आमच्याकडं. ज्या दिवशी दूध आलं नाही त्या तारखेवर अम्मी कॅलेंडरवर पेन्सिलनं टिंब करते. महिनाअखेरीला मी टिंबं मोजतो आणि खाडे कापून पैसे देतो. गेल्या डिसेंबरात सोळा टिंबं होती. मी सोळा दिवसांचे पैसे कापले. दूधवाला दारात अडूनच बसला. "सर, दोन खाडे आहेत माझे. पोराच्या शपथेवर सांगतो." मी कॅलेंडर काढून आणलं. त्याच्या तोंडावर धरलं. आमचा आवाज चढला. अम्मी आतून ओढणी सावरत आली, त्याला पूर्ण पैसे दिले आणि कॅलेंडर माझ्या हातातून घेऊन आत गेली.

संध्याकाळी मोठ्या आपाचा फोन आला. चौदा टिंबं दुधाची नव्हती.

माझ्या धाकट्या भावाच्या जन्मापासून अम्मीला खोकलं, शिंकलं, घागर उचलली की लघवी गळते. छत्तीस वर्षं झाली. ती घडी घातलेलं कापड वापरते. लग्नांना का जात नाही, कापूस वेचायला जाणं का सोडलं, उमराहचे पैसे जमले तेव्हा "पहले छोटे का घर होने दो" का म्हणाली, याची कारणं मला एका फोनवर कळली. अब्बांच्या डायरीचा सगळा तमाशा ती स्वयंपाकघरातून बघत होती. सुतळीची पेन्सिल तीच बांधून देत होती. पण घरात कुणाला वाटलं नाही की हिलाही विचारावं. वर माझ्या त्या स्क्रीनशॉटनंतर ती मोबाइलवर काही लिहिणार होती थोडीच? तिनं आपली डायरी अशा जागी लिहिली जिथं ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असूनही कुणाला दिसणार नव्हती.

आपा तिला हिंगोलीला एका बाई डॉक्टरांकडं घेऊन गेली. त्यांनी व्यायाम दिला. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो ते आवळून धरायचे, सोडायचे. आर्नल्ड केगेल नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं १९४८ मध्ये हा व्यायाम मांडला, त्याच्याच नावानं ओळखतात. निदान तीन महिने नेमानं करावा लागतो. अम्मी तस्बीहवर मोजते. नमाजेनंतर मुसल्ल्यावर बसून ती मणी ओढत असते तेव्हा जिक्र चालू आहे की व्यायाम, ते ओळखता येत नाही, आणि आम्ही विचारत नाही.

हे लिहू का, म्हणून दोघांनाही विचारलं. अब्बा म्हणाले, "लिख. नाम नक्को." अम्मी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मेरा भी लिख. औरताँ पढ़ेंगे."

कॅलेंडरवर आता दुधाचे खाडे लाल असतात, तिची टिंबं निळी. मार्चमध्ये निळी अकरा होती, एप्रिलमध्ये सात. लाल तीन. परवा तिनं आपाला फोन लावला. आपा दोन वर्षांपूर्वी उमराह करून आली आहे. मी अंगणात पोरांच्या वह्या तपासत होतो. अम्मी हळू आवाजात विचारत होती, तवाफच्या सात फेऱ्यांना गर्दीत किती वेळ लागतो, आणि मध्येच वुजू तुटला तर जागा जवळ आहे का.